बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटरही उघडून झाला, तरी दिवा मिणमिणतोच

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. १९९९ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. चिपळूणला घराशेजारी पत्र्याच्या शेडखाली उभी असते, बाहेर निघते ती बहुतेक रविवारीच. दीड वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या. मध्यंतरी अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र) उघडून कार्बन आणि बेअरिंग बदलून घेतलं. तरीही रात्री हेडलाईट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू केले की मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो. आणि चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. मेकॅनिक म्हणतो, अख्खा अल्टरनेटरच बदला. बदलू का?

अजून नको. अल्टरनेटर चांगला आहे असं मी म्हणत नाही, तो खराब निघूही शकतो. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत मला दोन वेगळ्या तक्रारी दिसतात. एक, गाडी चालू असताना बॅटरी पुरती भरत नाही. दुसरी, गाडी बंद असताना कुठून तरी करंट गळतो. या दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, ते म्हणजे अल्टरनेटरमधला फुटका डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. पण दोन निरनिराळे बिघाड एकाच गाडीत नांदत असण्याची शक्यताही तेवढीच आहे, आणि पंचवीस वर्षांच्या कोकणातल्या गाडीत मी आधी तेच धरून चालतो. मोजल्याशिवाय पार्ट बदलला तर तिसरी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

यासाठी डिजिटल मल्टिमीटर लागेल, काही शे रुपयांचा चालेल. टेस्ट लॅम्पवर आयुष्य काढलेले कारागीर मी पाहिलेत, त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही. पण टेस्ट लॅम्प १२.१ ला पेटतो तसाच १४.१ लाही पेटतो, आणि आपलं सगळं भांडण या दोन आकड्यांमधलं आहे.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडून आतला दिवा लावण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून तेव्हाचा आकडा बघा. १० च्या वर टिकला तर ठीक. आधी १२.६ दाखवत होती आणि सेल्फ मारताच ८ वर कोसळली, तर बॅटरीतच दोष आहे. बॅटरी झाकणं उघडणारी असेल तर हायड्रोमीटर (अॅसिडची घनता मोजणारी नळी) लावून सहाही सेल तपासा. पाच सेल १.२४०-१.२५० दाखवतात आणि एकच १.१५० वर लोळतो, तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी उभी राहणार नाही.

बॅटरी अर्धी निघाली तर बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच पुढच्या तपासण्या करा. ही पायरी लोक गाळतात. रिकामी बॅटरी स्वतःच भरपूर करंट ओढते आणि व्होल्टेज खाली दाबून धरते, त्यामुळे चांगला अल्टरनेटरही आजारी वाटतो.

आता चार्जिंग. इंजिन चालू करा, हेडलाईट वगैरे सगळं बंद, रेस आयडलपेक्षा थोडी वर, आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. इंजिन तापल्यावर तो थोडा खाली आला तर घाबरू नका, बऱ्याच रेग्युलेटरची (अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा भाग) रचनाच तशी असते. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. तेव्हा बॅटरीचं पाणी भराभर कमी होतं, बल्ब उडतात, बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

पुढची चाचणी महत्त्वाची. हेडलाईट, वायपर, ब्लोअर चालू करा, म्हणजे ज्या अवस्थेत दिवा मिणमिणतो नेमकी तीच. हेडलाईटचे दोन ५५ वॅटचे फिलामेंट, मागचे-पुढचे छोटे दिवे, वायपर, ब्लोअर, इग्निशन सगळं मिळून ३०० वॅटच्या आसपास, म्हणजे २२ ते २५ अँपिअर. आयडलला अल्टरनेटर त्याच्या क्षमतेच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी देतो, तेव्हा सिग्नलला उभं असताना आकडा १२.८ वर आला तर तो दोष नाही. पण रेस मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास नेल्यावर तो १३.५ च्या वर जायला हवा. गेला नाही, तर आधी पट्टा बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक सेंटिमीटर दबावा, आणि आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालेली नसावी. पावसात गाडी चालू केल्यावर किंचाळत असेल तर तो घसरतोय. पट्टा ताणताना मात्र अतिरेक नको, नवं बेअरिंग पुन्हा जाईल.

पट्टा ठीक आणि आकडा तरीही कमी असेल, तर खरी तपासणी इथून सुरू होते. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त जुन्या गाड्यांचं उत्तर इथेच सापडतं, आणि इथेच कोणी बघत नाही.

सगळे लोड चालू, रेस २००० वर. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, म्हणजे बी टर्मिनलवर, आणि काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. हो, दोन्ही टोकं प्लसवरच. चांगल्या गाडीत इथे ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्ट दिसतात. तुमच्याकडे ०.८ दिसले तर अर्थ सरळ आहे. अल्टरनेटर १४.२ बनवतोय, बॅटरीला मिळतात १३.४. मधली गंजलेली लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा), ढिला बोल्ट, काळी पडलेली फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी वायर), कुणीतरी पिळून टेप मारलेला जोड, यांतला प्रत्येक जण जकात नाक्यासारखा आपला वाटा काढून घेतो. नंतर मायनस बाजूला हेच करा: एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खुंटीवर. खुंटीवरच, क्लॅम्पवर नको, कारण बऱ्याचदा गंज त्या दोघांच्या मध्येच असतो. इथे ०.२ च्या वर काही दिसलं तर अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीतून मायनसकडे परतीची वाट, खराब आहे.

हाच तपास ओहमवर करायचा मोह होतो. त्यात वेळ वाया जातो. २५ अँपिअर वाहत असताना अर्धा व्होल्ट खायला ०.०२ ओहमचा अडथळा पुरतो, आणि साधा मीटर तो दाखवूच शकत नाही. स्वतःच्या वायरींचाच अडथळा तो त्यापेक्षा जास्त दाखवेल. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

कोकणात अर्थिंग लवकर जातं. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि शेडखाली उभी असली तरी गाडीला सुटणारा घाम. त्यात एकदा इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला असेल तर इंजिन ते बॉडी जोडणारी विणलेली पट्टी परत लावायची राहते, किंवा रंगावरच कसली जाते. मग सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर या केबलला हात लावून बघा, कोमट लागली तर आणखी पुरावा नको.

आता तो मिणमिणणारा दिवा. त्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचमधून करंट येतो, दुसरं टोक अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा एल बाजूला जवळजवळ शून्य, म्हणून दिवा लख्ख पेटतो. शिवाय त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंटच रोटरला, अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला, पहिली चुंबकशक्ती देतो. म्हणून चावी फिरवल्यावर दिवा अजिबात पेटत नसेल, तर अल्टरनेटर उघडण्याआधी तो बल्ब बघा. इंजिन चालू झालं की दोन्ही बाजूंना सारखे व्होल्ट येतात आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा बॅटरीची अवस्था सांगतच नाही. तो फक्त दोन बाजूंतला फरक सांगतो.

तुमचा दिवा लोड वाढल्यावरच आणि मंद पेटतो. याची मला दोन कारणं दिसतात. पहिलं, अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलाय, त्यामुळे एल आणि बी यांत फरक पडतो. दुसरं, अल्टरनेटर ठणठणीत आहे, पण इग्निशन स्विचच्या जुन्या कॉन्टॅक्टमधून ब्लोअर-वायपरचा सगळा करंट जाताना तिथेच एक व्होल्ट पडतो. एल बाजूला १४, चावीच्या बाजूला १३, की दिवा मिणमिणला. मेकॅनिक अल्टरनेटरला दोष देतो, नवा बसवतो, आणि दिवा तसाच. ओळखायचं कसं? लोड चालू ठेवून फ्यूज बॉक्समध्ये चावीनंतरच्या एखाद्या फ्यूजवर व्होल्ट मोजा आणि बॅटरीशी ताडून बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष स्विच, त्याच्या मागचं सॉकेट किंवा फ्यूज बॉक्समध्ये आहे. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं असतं, बघताक्षणी कळतं.

डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर घ्या, बॅटरीच्या दोन टोकांवर लावा, इंजिन २००० वर, हेडलाईट चालू. ०.१ च्या आत असेल तर छान. ०.५ च्या वर असेल तर डायोड गेला. पण ही चाचणी करण्याआधी एक काळजी. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसीला लावले की वाटेल ते दाखवतात. आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर एसी मोजून बघा. शून्य आलं तर मीटर भरवशाचा. २५-२६ असा काहीतरी आकडा आला, तर या कामापुरता तो मीटर बाजूला ठेवा आणि अल्टरनेटर काढून बेंचवर डायोड प्लेट तपासून घ्या. कार्बन-बेअरिंग बदलताना डायोड प्लेट तपासलीच असेल असं धरू नका. ती दोन वेगळी कामं आहेत, आणि तुम्ही पैसे पहिल्याचेच दिलेत.

उरली दुसरी तक्रार, उभ्या गाडीतली गळती. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, तेव्हा चावी काढल्यावर म्युझिक सिस्टिमच्या मेमरीपुरते काही मिलिअँपिअर सोडले तर काहीच वाहायला नको. नव्या गाड्यांत ५० मिलिअँपिअरपर्यंत चालवून घेतात, तुमच्या ८०० मध्ये मी २० च्या वर मान्य करणार नाही. बॅटरीची मायनस केबल काढा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि मीटर केबल व खुंटी यांच्यामध्ये लावा. सगळी दारं बंद, चावी खिशात. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल, आणि आत फ्यूजच नसेल तर मीटर जाईल.

समजा ०.३ अँपिअर दिसले. किरकोळ वाटतं, पण दिवसाला ७.२ अँपिअर-अवर होतात. तुमची बॅटरी ३५ ची. पाचव्या दिवशी ती रिकामी. तुमची तक्रार नेमकी चार-पाच दिवसांचीच आहे, म्हणून हा आकडा ०.३ च्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या सर्किटमध्ये चोर आहे. नेहमीचे संशयित: बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉक किंवा अलार्म, डिकीत जळत राहिलेला दिवा, आणि पिवळी-लाल वायर अदलाबदल करून बसवलेली म्युझिक सिस्टिम. त्यात पिवळी कायम चालू असायला हवी आणि लाल चावीवर. उलटी लावली की सिस्टिम चालते, पण दर वेळी चॅनेल विसरते, आणि मग कोणीतरी दोन्ही एकत्र पिळून कायमच्या प्लसला लावून टाकतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर फ्यूज नसलेल्या वायरी उरतात: सेल्फ, इग्निशन स्विच आणि अल्टरनेटर. बॅटरी सुटी करून अल्टरनेटरची बी वायर काढा, तिचं टोक नीट गुंडाळा, मीटर पुन्हा जोडा. आकडा शून्यावर आला तर गळका डायोड सापडला. तोच डायोड दिवाही मिणमिणवत असेल तर तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच, आणि मेकॅनिकचा अंदाज निम्मा बरोबर ठरला.

इथपर्यंतचं धरून ठेवा: भरलेली बॅटरी, लोडसकट चार्जिंग, प्लस आणि मायनस बाजूची पडझड (वाटेत हरवणारे व्होल्ट), चावीची बाजू, डायोड, शेवटी गळती. क्रम मोडू नका.

दुरुस्तीचं तुमच्या आकड्यांवर अवलंबून आहे. फक्त डायोड प्लेट गेली असेल तर तेवढीच बदलून मिळते. रेग्युलेटरही स्वतंत्र मिळतो. वाइंडिंग (आतले तांब्याच्या तारेचे वेढे) जळून काळं पडलं असेल तर मात्र मी रिवाइंडच्या वाटेला जात नाही. वायरीची जाडी किंवा वेढे थोडे चुकले तरी लोडवर आउटपुट कमी मिळतं आणि भांडायला पुरावा नसतो. चांगला रिकंडिशन्ड घ्या, आणि दुकानातच बेंचवर लोड लावून अँपिअर दाखवायला सांगा. नुसते व्होल्ट दाखवून देत असेल तर घेऊ नका.

पडझड वायरिंगमध्ये निघाली तर खर्च कमी, मेहनत जास्त. मायनस केबल आधी काढायची, शेवटी लावायची, आणि हातातली अंगठी-कडं काढून ठेवायचं. प्रत्येक लग आणि तिच्याखालचा पत्रा चकाकेपर्यंत घासा, कसा, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. कसण्याआधी नको. जोड पिळून नको, क्रिंप करून, म्हणजे पकडीने लग दाबून. इंजिन ते बॉडी पट्टी नवीच घ्या. बी टर्मिनलपासून बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची एक जादा वायर टाकली तर फरक लगेच दिसतो, पण बॅटरीच्या टोकाशी तिला स्वतःचा फ्यूज हवाच, अल्टरनेटरच्या अँपिअरपेक्षा थोडा मोठा. फ्यूजशिवायची जाड वायर म्हणजे आगीची सोय.

दोष चावीच्या बाजूला असेल तर नवा स्विच घ्या आणि ब्लोअर रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. हात लागलाच आहे तर हेडलाईटलाही रिले बसवा. मग चावीतून आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीतून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो, आणि हेडलाईटला थेट बॅटरीचे पूर्ण व्होल्ट मिळतात. कुंभार्ली घाटात पावसाळी रात्री हा फरक डोळ्यांना कळतो. प्रकाश कमी पडतो म्हणून १०० वॅटचे बल्ब घालणं हा यावरचा उपाय नव्हे. ते नियमात बसत नाहीत आणि तुमचा छोटा अल्टरनेटर ते सोसणारही नाही.

एक गोष्ट कोणी करू लागला तर हात धरा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची आणि गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला, ही परीक्षा अजून चालते. ती डायनामोच्या काळातली, जुन्या फियाटवर शिकलेली सवय. अल्टरनेटरवर असं केलं की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि चांगले डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टिम, जे सापडेल ते जातं. परीक्षेत पास झालेला अल्टरनेटर परीक्षेनेच मारलेला मी बेंचवर उघडलाय.

राहिला तुमचा रविवार. सेल्फ मारायला लागणारी वीज वाटते तेवढी नसते: १२० अँपिअर पाच सेकंद म्हणजे ०.२ अँपिअर-अवरसुद्धा नाही. ती पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत भरून निघते. भरून निघत नाही ती आठवडाभराची गळती. आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस राहिली की प्लेटवरचं सल्फेट घट्ट होतं, मग बॅटरी चार्जरलाही दाद देत नाही. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या बहुधा अशाच गेल्या असाव्यात, कंपनीला दोष देण्याआधी हे बघा. गळती सापडेपर्यंत मायनस खुंटीवर फिरवून सोडवायचा कटऑफ स्विच बसवा आणि गाडी उभी केली की तो सोडा. तात्पुरता इलाज आहे, पण सध्याची बॅटरी तेवढ्याने वाचेल.

मोजून झालं की पाच आकडे लिहून पाठवा: रात्रभरानंतरचे व्होल्ट, लोडसकट २००० वरचे व्होल्ट, प्लस बाजूची पडझड, मायनस बाजूची पडझड, आणि गळतीचे अँपिअर. अल्टरनेटर बदलायचा की नाही ते त्यावरून सांगतो.